माळ मोकळा असतो, ओसाड नसतो

दर वर्षी मृग नक्षत्र जवळ आले की एक संदेश मोबाइलवरून फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच राहतो. महाराष्ट्रातील माळराने ही पूर्वी घनदाट जंगले होती. इंग्रजांनी आणि त्यांच्यानंतर आपण ती तोडली. आज या जमिनी ओसाड आणि निरुपयोगी पडून आहेत. त्यांच्यावर झाडे लावली की पाऊस परत येईल, विहिरींचे पाणी वर येईल आणि एकेक झाड चार माणसांना पुरेल एवढा प्राणवायू देईल. त्यासाठी लवकर वाढणारी झाडे निवडावीत. आदर्श गाव म्हणून गाजलेल्या हिवरे बाजारने हेच केले. आणि ‘जैवविविधता’ असा शब्द पुढे करून जे याला विरोध करतात त्यांना गावाच्या भल्याची फिकीर नाही. शेवटी, हा संदेश किमान दहा गटांवर पाठवावा असा आग्रह असतो.

यंदा हा संदेश माझ्या थोरल्या दिरांनी घरच्या गटावर पाठवला आणि सोबत कळवले की, माणदेशातील आमच्या गावाच्या गायरानावर या पावसाळ्यात जेसीबीने खड्डे काढून रोपे लावण्याचा ठराव ग्रामसभेपुढे येणार आहे. भाऊजी गावासाठी पदरमोड करणारे गृहस्थ आहेत आणि त्यांच्या हेतूबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते, माळावरची गवते विद्यार्थ्यांना ओळखायला लावते, आणि तीच ती चुकीची विधाने दर पावसाळ्यात तितक्याच ठामपणे समोर आली की माझा संयम सुटतो. हा मजकूर खोडसाळ माणसांनी पसरवला असता तर मी दुर्लक्ष केले असते. तो भली माणसे पसरवतात, स्वतःच्या खर्चाने अमलात आणतात, आणि म्हणूनच त्याने होणारे नुकसान मोठे आहे.

माळराने म्हणजे तोडलेली जंगले, हे या संदेशाचे मूळ विधान आहे आणि बाकीचे सगळे त्याच्याच आधाराने सांगितले जाते. हे विधान चुकीचे आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तिथून पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर, माण आणि सांगोल्याच्या बाजूला, तो पाचशे मिलिमीटरांच्या आसपास येऊन ठेपतो. समुद्रावरून येणारे ढग पश्चिमेच्या उतारांवर रिते होतात आणि पूर्वेकडचा सगळा पट्टा पर्जन्यछायेत राहतो. जो पाऊस पडतो तोही मोजक्या दिवसांत आणि बेभरवशाचा. वर वीतभर मुरमाड माती, खाली बेसाल्टचा खडक. अशा हवेत आणि अशा जमिनीवर आपोआप जे उगवते ते म्हणजे गवताचे सलग आच्छादन आणि त्यात दूरदूर विखुरलेली हिवर, बोर, खैर, बाभूळ यांसारखी काटेरी झाडे. शास्त्रज्ञ याला सॅव्हाना म्हणतात. आफ्रिकेतील सॅव्हानाची छायाचित्रे पाहून हरखून जाणारी माणसे आपल्या दारातल्या सॅव्हानाला ओसाड म्हणतात, याचे मला फार वाईट वाटते.

हवामानाचा हा दाखला कोणाला पुरेसा वाटत नसेल तर त्याने आपल्याच जुन्या वाङ्मयाकडे वळावे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी २०२५ मध्ये ‘पीपल अँड नेचर’ या शोधपत्रिकेत एक निबंध प्रसिद्ध केला आहे, आणि माझ्या मते या वादात तो एकटाच पुरेसा आहे. पश्चिम महाराष्ट्रातील तेराव्या शतकापासूनच्या काव्यांत, चरित्रांत, ओव्यांत आणि कथांत कोणकोणत्या रानवनस्पतींचे उल्लेख येतात हे त्यांनी धुंडाळले आणि त्यातली प्रत्येक वनस्पती कोणत्या प्रकारच्या परिसरात वाढते हे तपासले. एकूण ४४ रानवनस्पतींची ओळख पटली, आणि त्यांपैकी साठ टक्क्यांहून अधिक वनस्पती मोकळ्या, गवताळ प्रदेशाच्या निदर्शक निघाल्या. जंगलाच्या निदर्शक अगदी थोड्या. याचा अर्थ असा की किमान साडेसातशे वर्षांपूर्वी, म्हणजे इंग्रजांचे जहाज या किनाऱ्याला लागण्याच्या कितीतरी आधी, हा प्रदेश आज दिसतो तसाच मोकळा होता. ज्यांनी हे उल्लेख करून ठेवले त्यांना पर्यावरणाबद्दल काही सिद्ध करायचे नव्हते. देवाची, संतांची आणि गुरांची गोष्ट सांगताना भोवती जे दिसत होते ते त्यांनी सांगितले, आणि म्हणूनच त्यांची साक्ष विश्वासार्ह आहे.

या साक्षीतली एक खूण तर लाखो वारकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलेली आहे. पंढरपूरला विठोबाच्या देवळात कान्होपात्रेचे स्थान आहे आणि तिच्या नावाने जे झाड पूजले जाते ते तरटीचे आहे. तरटी हे कोरड्या, उघड्या माळावरचे काटेरी झाड आहे; दाट सावलीच्या रानात ते तग धरत नाही. पंढरपूरच्या परिसरात जर घनदाट जंगल असते तर लोकांनी आपल्या लाडक्या संतिणीच्या नावाने कोणते तरी जंगलातले झाड पूजले असते. तीच गोष्ट आपल्या दैवतांची. बिरोबा आणि म्हसोबा ही मेंढपाळांची आणि गुराख्यांची दैवते आहेत. खंडोबाची दुसरी पत्नी बाणाई ही धनगराची लेक आणि तिच्यासाठी देवाने मेंढरे राखली, ही कथा जेजुरीला जाणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने धनगरांच्या ज्या ओव्या ध्वनिमुद्रित करून ठेवल्या त्यांत माळ, मेंढरे आणि पाण्याच्या शोधातली भटकंती यांचे जग आहे. गावोगावच्या वीरगळांवर गाई सोडवताना कामी आलेले वीर कोरलेले दिसतात. ज्या समाजाचे धन गुरांत होते, ज्याच्या लढाया गुरांसाठी झाल्या आणि ज्याचा देवही मेंढरे राखतो, तो समाज मैलोगणती गवत असल्याशिवाय घडत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल, आणि ती मी मान्य करते. सह्याद्रीच्या उतारांवरचे आणि कोकणातले जंगल कोळशासाठी, इमारती लाकडासाठी आणि रेल्वेच्या स्लीपरांसाठी खरोखरच मोठ्या प्रमाणावर तोडले गेले. दुष्काळी पट्ट्यातही ओढ्याकाठची झाडी विरळ झाली आणि काही देवराया नाहीशा झाल्या. जिथे जंगल होते तिथे ते परत आणण्याला कोणाचाच विरोध असण्याचे कारण नाही. परंतु सह्याद्रीच्या घाटमाथ्याचा इतिहास माणच्या माळाला चिकटवायचा आणि मग त्या आधारावर माळ खणून काढायचा, हे चालू देता येणार नाही.

आता या संदेशातला सर्वांत घातक शब्द घेते. तो शब्द आहे ‘निरुपयोगी’. माळाचा उपयोग कोणाला नाही? मेंढपाळाला विचारून पाहावे. पावसाळ्यात मेंढरे माळावर चरतात, दिवाळीनंतर वाडे, म्हणजे मेंढपाळांचे फिरते तळ, कोकणाच्या किंवा इतर मुलखाच्या वाटेला लागतात, आणि वाटेवरचे शेतकरी रानात मेंढरे बसवून घेतात, कारण लेंड्या आणि मूत यांनी रानाला जे खत मिळते त्याची बरोबरी पोत्यातल्या खताला करता येत नाही. बदल्यात मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात. ही सगळी व्यवस्था माळावरच्या गवताने उभी राहिलेली आहे. कमी पाण्यावर, निकृष्ट चाऱ्यावर आणि रोजच्या लांब चालीवर टिकणारी दख्खनी मेंढी याच माळाने घडवली, आणि माणदेशाची शान मानला जाणारा खिल्लार बैलही याच माळाचा. शेडा, पवना, मारवेल, कुसळी या गवतांची नावे आमच्या सासूबाईंच्या पिढीला तोंडपाठ होती, कारण कोणते गवत दुधाला चांगले, कोणते फुलोऱ्याआधी कापावे आणि कोणत्याची कुसळे मेंढरांच्या कातडीत शिरतात, यावर घर चालत असे. २०१२-१३ च्या आणि पुन्हा २०१८-१९ च्या दुष्काळात माण आणि सांगोला तालुक्यांत चारा छावण्या उभाराव्या लागल्या आणि माणसे जनावरांसह महिनोन्महिने तिथे राहिली. ज्या तालुक्यांवर अशी पाळी आली, त्या तालुक्यांत चारा देणारी जमीन निरुपयोगी ठरवली जाते, हे मला अक्षम्य वाटते.

हा शब्द नुसता अपमान करून थांबत नाही, तो जमीन गिळतो. ब्रिटिश महसूल व्यवस्थेने ज्या जमिनीतून सारा मिळत नाही ती पडीक अशी नोंद केली, आणि तीच दृष्टी पुढे आपल्या कागदपत्रांतही उतरली. सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य; नकाशावर पडीक. केंद्र सरकारच्या वेस्टलँड ॲटलासमध्ये झुडपी आणि गवताळ जमिनींचे मोठे क्षेत्र पडीक जमिनींच्या वर्गात धरलेले आहे. देशातील अशा निमशुष्क, मोकळ्या नैसर्गिक परिसंस्थांचा जो नकाशा अलीकडे अभ्यासकांनी तयार केला त्यानुसार त्या देशाच्या सुमारे दहा टक्के भूभागावर पसरलेल्या आहेत, आणि त्यांचा पाच टक्क्यांहूनही कमी भाग संरक्षित क्षेत्रांत येतो. जमिनीवर एकदा ‘पडीक’ असा शिक्का बसला की तिच्यावर काहीही करायला मोकळीक मिळते. आधी मुरुमाची खाण, मग कचऱ्याचा ढीग, मग सौर पटल, मग प्लॉट. वृक्षारोपण या रांगेत सर्वांत सोज्ज्वळ दिसते, पण गवताच्या दृष्टीने तेही त्याच रांगेतले आहे.

झाड लावल्याने गवताचे काय वाईट होणार, असा प्रश्न भाऊजींनी विचारला होता. उत्तर सोपे आहे. माळावरची गवते भर उन्हात वाढणारी आहेत आणि सावली त्यांना मारते. ओळीने लावलेल्या झाडांची छाया एकमेकींना भिडली की खालचे चाऱ्याचे गवत आधी विरळ होते आणि मग जाते. त्या जागी बहुधा जनावरे तोंड लावत नाहीत असे तण येते. त्याहून मोठे नुकसान जेसीबी करतो. माळावरच्या बहुवर्षायू गवतांचा खरा जीव जमिनीखाली असतो. उन्हाळ्यात वर काही दिसत नसले तरी मुळे आणि खोडांचे गड्डे जिवंत असतात, आणि पहिल्या पावसात माळ हिरवा होतो तो त्यांच्यामुळे. सलग चर खणताना ही सगळी मुळे उलटी होऊन उन्हात पडतात. याच नेर्लेकर यांनी जोसेफ वेल्डमन यांच्यासह २०२० मध्ये जगभरातील जुन्या गवताळ प्रदेशांचा आढावा घेतला होता आणि त्यांचा निष्कर्ष असा की, एकदा मोडलेल्या गवताळ प्रदेशात मूळची वनस्पतिविविधता परत येण्यास किमान शंभर वर्षे आणि बहुधा त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो. जंगल तोडले तर आपण हळहळतो. जुना माळ मोडला जातो तेव्हा मात्र त्याचे उद्घाटन होते आणि पेढे वाटले जातात.

गवताबरोबर त्याच्यावर जगणारेही जातात. लांडगा, तरस, खोकड, चिंकारा, काळवीट, तणमोर, धाविक, चंडोल यांचे घर माळ आहे, जंगल नव्हे. भारतीय लांडग्यांची संख्या तीन हजारांच्या आसपास मानली जाते. वाघांसाठी जो देश एवढा जागरूक आहे तिथे लांडग्याचे घर दर वर्षी खड्ड्यांनी भरले जाते. हिवाळ्यात मध्य आशियातून आपल्या माळांवर उतरणारा भोवत्या हा शिकारी पक्षी मोठ्या प्रमाणावर नाकतोडे खातो, आणि त्याचा लाभ भोवतालच्या ज्वारी-बाजरीला होतो. माळढोकाची कथा तर आपल्याच राज्यातली आहे. सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात त्याच्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झाले. हा पक्षी उघड्या जमिनीवर, घरटे न बांधता, बहुधा एकच अंडे घालतो आणि दूरवरचा धोका दिसावा म्हणून त्याला मोकळी नजर लागते. अशा पक्ष्याच्या मुलखातही गिरिपुष्प या लवकर वाढणाऱ्या परक्या झाडाची लागवड झाली. शिकार, वाढती शेती आणि विजेच्या तारा ही त्याच्या ऱ्हासाची मोठी कारणे आहेत, हे मी नाकारत नाही. पण आज देशभरात दीडशेच्या आसपास उरलेल्या आणि बहुतांशी राजस्थानात असलेल्या या पक्ष्याला आपण आपल्या माळांवर पुरेशी मोकळी जागाही ठेवली नाही, हेही तितकेच खरे आहे.

वृक्षहीन जमीन म्हणजे मृत जमीन असे ज्यांना अजूनही वाटते त्यांनी कासचे पठार आठवावे. ते माळाहून वेगळे आहे, जांभ्या खडकाचा सडा आहे, पण त्याच्या माथ्यावरही झाडे जवळपास नाहीत. त्या पठारावर सुमारे ८५० प्रकारच्या सपुष्प वनस्पतींची नोंद आहे आणि २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या पश्चिम घाटाच्या स्थळांत त्याचा समावेश आहे. उद्या कोणी कासवर सुबाभळीची रोपे लावायला निघाला तर सगळा महाराष्ट्र त्याला अडवेल. माणच्या माळाला फुलांचा हंगाम तेवढा देखणा नाही, म्हणून त्याच्यासाठी कोणी उभे राहत नाही.

पावसाबद्दल आणि पाण्याबद्दल थोडक्यात सांगते. मोठी जंगले बाष्प हवेत सोडतात आणि त्याचा पुन्हा पाऊस होतो, हे ॲमेझॉनसारख्या लाखो चौरस किलोमीटरांच्या जंगलाबाबत खरे आहे. या अर्धसत्यावरूनच ‘झाडे लावा, पाऊस आणा’ ही घोषणा निघाली असावी. माणदेशाचा पाऊस मोसमी वाऱ्यांवर, बंगालच्या उपसागरातील कमी दाबाच्या पट्ट्यांवर आणि आड उभ्या असलेल्या सह्याद्रीवर ठरतो. गायरानावरच्या काही हजार रोपांनी त्यात फरक पडत नाही. भूजलाचे तर उलटेच आहे. रॉबर्ट जॅक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ‘सायन्स’मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यात गवताळ आणि झुडपी जमिनींवर वृक्षलागवड झाल्यानंतर ओढ्यांचा प्रवाह सरासरी ५२ टक्क्यांनी घटला आणि १३ टक्के ओढे किमान एक वर्ष पूर्ण कोरडे पडले, असे आढळले. खोल मुळांची सदाहरित झाडे वर्षभर पाणी उपसत राहतात, गवत मात्र पावसाळा संपला की थांबते. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने १९९५ पासून पाणी वाचवण्यासाठी परकी झाडे तोडण्याची मोहीम चालवली आहे. पाचशे मिलिमीटर पावसाच्या गावाने ही गोष्ट इतर कोणाहीपेक्षा आधी लक्षात घ्यायला हवी.

प्राणवायूच्या मुद्द्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू आहे, त्याचा साठा प्रचंड आहे आणि पृथ्वीवर दर वर्षी तयार होणाऱ्या प्राणवायूचा जवळपास निम्मा वाटा समुद्रातील सूक्ष्म वनस्पतींचा आहे. आमच्या गावात प्राणवायूची टंचाई कधीही नव्हती. टंचाई आहे ती पाण्याची आणि चाऱ्याची.

लवकर वाढणारी झाडे निवडा, हा सल्ला मात्र गप्प बसून ऐकण्यासारखा नाही. सुबाभूळ, गिरिपुष्प, ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि नीलगिरी ही झाडे रोपवाटिकेत सहज मिळतात, जनावरे त्यातली काही खात नाहीत म्हणून जगतात आणि दोन-तीन वर्षांत छायाचित्र काढण्याजोगी दिसतात. त्यांची एवढीच पात्रता आहे. यातून पुढे काय होते हे कच्छमधील बन्नीने पाहिले आहे. आशियातील नामांकित गवताळ प्रदेशांत गणल्या जाणाऱ्या बन्नीत १९६० च्या दशकात वेडी बाभूळ हे परके काटेरी झाड मुद्दाम लावण्यात आले. हेतू चांगला होता, खाऱ्या रणाचा प्रसार थांबवण्याचा. त्या बाभळीने गवताचा फार मोठा भाग व्यापून टाकला, आणि गवतावर जगणारे मालधारी पशुपालक आजही ती काढून कुरण मोकळे करण्यासाठी झगडत आहेत. लावायला एक पावसाळा पुरला. काढायला तीन पिढ्या पुरत नाहीत.

हिवरे बाजारचा दाखला वाचून मला सर्वांत अधिक आश्चर्य वाटले, कारण तो या संदेशाच्या विरुद्ध जातो. १९८९ नंतर पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली त्या गावाने जी पंचसूत्री स्वीकारली त्यात श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नसबंदी आणि नशाबंदी होती. तिथे झाडेही लावली गेली आणि डोंगरउतारावर चरही खणले गेले, हे खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. पण चराईबंदीने गवत वाचवले, कापून नेता येईल असा चारा वाढला आणि त्यावर दुधाचा धंदा उभा राहिला; शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी आली आणि पाण्याचा हिशेब मांडून पिके ठरवली गेली, ऊस नाकारला गेला. त्या यशातून फक्त झाड उचलायचे आणि गवत, पाण्याची शिस्त व उसाला दिलेला नकार सोडून द्यायचा, असे करून हिवरे बाजार होत नाही.

राहिला शेवटचा आरोप, की जैवविविधतेचे नाव घेणाऱ्यांना गावाच्या भल्याची फिकीर नाही, म्हणजेच तो शहरातल्या पक्षीप्रेमींचा छंद आहे. तुरीच्या संकरित वाणांसाठी जी नरवंध्यता, म्हणजे फुलात सक्षम पराग तयार न होण्याचा गुण, लागते ती शास्त्रज्ञांना तुरीच्या रानटी भावंडांतून मिळाली, आणि त्यांतली एक गवतात पसरणारी साधी वेल आहे. पडीक म्हणून खणून काढलेल्या जमिनीत अशा किती वनस्पती गेल्या याची नोंदही कोणी ठेवली नाही. अकोला आणि वाशीम भागात तणमोराच्या विणीच्या जागा राखण्यासाठी जे पुढे आले ते फासेपारधी समाजातले लोक होते, शहरातले नव्हते. आणि २००२ च्या जैवविविधता कायद्याचे ४१ वे कलम प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावी असे सांगते. तिने लोकांच्या माहितीतून लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. या नोंदवहीच्या कल्पनेमागे माधव गाडगीळ यांच्यासारख्या शास्त्रज्ञाचा विचार होता, आणि तो विचार असा की, गवताचे नाव जाणणारी म्हातारी आणि लांडग्याची वाट जाणणारा मेंढपाळ यांचे ज्ञान अधिकृत मानले जावे. हा अधिकार ग्रामपंचायतीचा आहे. तो वापरला जात नाही, नोंदवह्या अनेकदा कोणाकडून तरी लिहून घेऊन कपाटात ठेवल्या जातात, हा दोष कायद्याचा नाही.

आमच्या गायरानाची स्थिती उत्तम आहे असे मी म्हणत नाही. अतिचराईने त्याचे काही कोपरे खरोखर उघडे पडले आहेत आणि गावात सावलीही कमी आहे. म्हणून ग्रामसभेत भाऊजींनी ठराव मागे घ्यावा असे न म्हणता तो बदलावा, असे मी त्यांना लिहिले आहे. वड, कडुलिंब, चिंच, आंबा यांची रोपे शाळेभोवती, रस्त्याच्या कडेला, देवळाच्या आवारात आणि बांधांवर लावावीत. ओढ्याकाठी करंज आणि उंबर लावावेत. गायरानाचे भाग पाडून दर पावसाळ्यात एक भाग गवताचे बी पडेपर्यंत चराईला बंद ठेवावा आणि कोणता भाग, किती दिवस, हे ठरवताना गावातल्या मेंढपाळांना आणि दर वर्षी तिथे वाडा टाकणाऱ्या बाहेरच्या धनगरांनाही बोलवावे, कारण त्यांना वगळून घातलेली बंदी पहिल्याच आठवड्यात मोडते. उघड्या पडलेल्या कोपऱ्यांत मारवेल आणि शेड्याचे बी आजूबाजूच्याच माळावरून गोळा करून टाकावे. वेडी बाभूळ जिथे शिरली आहे तिथून ती मुळासकट काढावी. जेसीबीसाठी जमवलेले पैसे याला पुरून उरतील. आणि रोपांसाठी चुन्याने ज्या खुणा आखल्या आहेत त्या पुसून टाकाव्यात, विशेषतः ओढ्याच्या वरच्या अंगाला, जिथे जुन्या हिवरांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात अजून शेडा दाट आहे.